माझ्या उजेडाची झळ

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एका प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, काळ्या पडद्याने बंद केलेल्या खिडकीपाशी मी एकतीस वर्षे उभा आहे. मित्रांनो, तुम्ही शाळेत पाहता तो माझा धाकटा भाऊ. तो उजेडात बसतो आणि तुम्ही त्याला कांद्याची साल दाखवता. माझे तसे नाही. माझ्या खोलीत भर दुपारीही अंधार असतो आणि माझ्यापुढे जे ठेवतात ते जिवंत असते.

माझी भिंगे एका म्हाताऱ्या कारागिराने घासली. एक भिंग तो अकरा अकरा दिवस घासत बसे आणि त्या दिवसांत कोणाशी फारसे बोलत नसे. शेवटी त्याने माझे मोठे भिंग दिव्यासमोर धरले, इकडून तिकडून फिरवले आणि म्हणाला, "ह्याच्यात काही नाही." त्याच्या धंद्यात ह्याहून मोठी शाबासकी नव्हती, कारण भिंगात बुडबुडा नको, रेघ नको, काहीच नको. मी मात्र त्या वाक्याने पहिल्याच दिवशी थोडा घाबरलो. माझ्यात खरोखरच काही नाही. पुढे ठेवाल ते माझ्यातून जाते आणि तुमच्या डोळ्यांत उतरते. मी फक्त मध्ये असतो.

सुरुवातीची वर्षे मानाची गेली. माझ्यापुढे रांग लागे. माझी वेळ नोंदवायच्या वहीवरून चांगली शिकलेली माणसे हमरीतुमरीवर येत. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे नुसते 'बाई' म्हणत. त्यांनी माझ्या मंचाभोवती, म्हणजे पाहायची वस्तू ठेवतात त्या जागेभोवती, शरीराइतकी ऊब राखणारी पेटी बसवून घेतली. "म्हातारा होतोय, स्वेटर घालू या त्याला," असे त्या म्हणाल्या होत्या. मग एक दिवस शेजारच्या खोलीत नवा सूक्ष्मदर्शक आला. त्याला वेगळी गार हवा लागे, वेगळे टेबल लागे, जोरात बोललेलेही त्याला खपत नसे. त्याचे नाव जावईबापू पडले. माझ्यावर खोळ घातली गेली आणि खोळीवर हातमोज्यांची खोकी. चार वर्षे मी मूग गिळून उभा होतो.

त्या अंधारातून मला धाकटीने बाहेर काढले. ती बाईंच्या हाताखाली संशोधन करायला आली होती. घरात दोन भावंडांत ती लहान, म्हणून ती धाकटी. प्रयोगशाळेत मात्र तिला 'घुबड' म्हणत, कारण ती सकाळी अंधाऱ्या खोलीत शिरे ती संध्याकाळी डोळे चोळत बाहेर येई. जावईबापूचा प्रकाश तिला चालत नव्हता. तो फार प्रखर होता. माझा दिवा जुना आणि सौम्य होता, म्हणून तिने माझी खोळ काढली, भिंगे पुसली आणि म्हणाली, "आजोबा, उठा. तुमच्याशिवाय अडलंय."

आता तिने मला जे दाखवले ते तुम्हाला सांगतो. जरा सावरून बसा.

तुमच्या प्रत्येक पेशीच्या आत नळ्या आहेत. एका केसाच्या जाडीचे तीन हजार भाग केले, तर त्यातला एक भाग जेवढा बारीक होईल तेवढी एका नळीची जाडी. ह्या नळ्या म्हणजे रस्ते. ते एका टोकाने वाढतात, मध्येच विरघळतात, पुन्हा वाढतात. त्या रस्त्यांवरून प्रथिने चालतात. होय, चालतात. त्यांना दोन पाय असतात, एक पुढे, एक मागे. पाठीवर पोटली असते, कधी त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी. त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, डोकेही नाही. तुमच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकच लांबलचक मज्जापेशी जाते आणि तिच्यातून सामान पोचायला अकरा-बारा दिवस लागतात. चालताना एकाचा पाय सुटला तर दुसरा ओझे उचलतो. तुम्ही आत्ता हे वाचत आहात तेव्हाही ते चालत आहेत. तुम्ही त्यांना कधी सांगितले नाही, आणि सांगून ते थांबणारही नाहीत.

पण कोणी कधी चालायचे ह्याचे नियम आहेत, आणि ते नियमही प्रथिनेच पाळतात. काही प्रथिने रस्त्यावरच बसून असतात. एक जात चालणाऱ्याला जवळ ओढून रस्त्यावर घेते, दुसरी जात त्याची वाट अडवते. सर्वांत विचित्र नियम रिकाम्यांचा. पाठीवर ओझे नसेल तर चालणारा कमरेत वाकतो, आपले शेपूट आपल्याच पायांवर टेकवतो आणि घडी होऊन पडून राहतो. कोणी ओझे आणून शेपटाला लावले की घडी उलगडते. मी हे वर्षानुवर्षे पाहिले. त्या घड्या पाहिल्या की मला माझी खोळ आठवे.

आणि आता माझे पाप सांगतो. हे सारे दिसावे म्हणून धाकटी ओझ्यांना हिरवा आणि चालणाऱ्यांना लाल रंग जोडत असे, आणि ते रंग माझ्या दिव्याच्या झोतातच उजळत. पण तोच झोत पेशीला भाजतो. रंगावर उजेड पडला की पेशीत विष तयार होते. थोडा वेळ ती सोसते. मग रंगांचे ठिपके अडखळतात, पेशीच्या लांब तंतूंवर मण्यांसारख्या गाठी येतात आणि सगळे थांबते. मी ज्याला दाखवतो त्याला मारतो. जावईबापू पाच मिनिटांत मारतो, मी तास-दीड तास लावतो, इतकाच आमच्यात फरक. म्हणून माझ्या दिव्यापुढे शटर नावाचा पडदा आहे, आणि जाणती माणसे तो क्षणभर उघडून लगेच मिटतात.

धाकटीचा थोरला भाऊ रंगारी होता. घरांच्या भिंती रंगवायचा. एकदा शिडीवरून त्याचा पाय घसरला, मग दुसऱ्यांदा, मग चप्पल पायातून निसटलेली त्याला कळेनाशी झाली. बाईंच्या तपासणीत निघाले की त्याच्या चालणाऱ्या प्रथिनांच्या शेपटात एका अक्षराची चूक आहे. शरीर प्रथिने बनवते ती अक्षरांनी लिहिलेल्या कृतीवरून, त्या कृतीतले एक अक्षर. थोरल्याच्या आठ वर्षांच्या मुलीतही तेच अक्षर सापडले. ती अजून धावत होती.

थोरल्याच्या दंडावरून कातडीचा तुकडा घेऊन धाकटीने त्यापासून मज्जापेशी वाढवल्या. काचेच्या चपट्या डिशमध्ये, उबदार कपाटात, त्या वाढल्या. मग एके दुपारी तिने भावालाच चाकाच्या खुर्चीवरून माझ्यापुढे आणले. त्याने डोळा लावला.

"हा हिरवा कुठला गं? डब्यात मिळत नाही असला."

"रंगाच्या डब्यातला नाही, दादा. ते तुझ्या पेशींमधलं सामान चाललंय."

"माझ्या म्हणजे, ह्या माझ्या?" त्याने आपल्या छातीवर हात ठेवला.

"त्यांच्याच ह्या बहिणी समज."

तो बराच वेळ पाहत राहिला. धाकटीचा हात शटरवर होता, पण तिला तो मिटवेना.

"आणि चाललंय कुठे एवढं सगळं?"

"पायाच्या अंगठ्याकडे."

"इथे अंगठा कुठाय?"

"नाहीये. पण त्यांना ते माहीत नाही."

मग त्याने हिरव्याशिवाय एकटेच फिरणाऱ्या लाल ठिपक्यांबद्दल विचारले. तिने सांगितले की ते रिकामे आहेत. त्यांनी घडी होऊन थांबायचे असते, पण त्याचे थांबत नाहीत. रिकाम्या पाठीने चालत राहतात, टोकाला जाऊन साचतात, आणि मग ओझेवाल्यांना वाट उरत नाही.

"म्हणजे माझ्यात कामचुकार कुणी नाही," तो म्हणाला. "सगळे कामावर हजर." तो हसला आणि पुन्हा डोळा लावला. ह्या वेळी त्याने लगेच मान मागे घेतली. "बंद कर ते. आतून कुणीतरी वळून बघेल असं वाटतंय."

तिने शटर मिटले. तो पुन्हा त्या खोलीत आला नाही.

आठ महिन्यांनी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, बाहेरच्या फोनची घंटा वाजली. धाकटी माझ्यापाशीच होती. कोणीतरी दारातून तिला हाक मारली आणि ती उठून गेली. जाताना शटर उघडे राहिले. दारापलीकडून आवाज आले, रडणे आले, आणि मला कळले की थोरला गेला. त्याचा श्वास चालवणारे स्नायू थांबले होते. माझ्या पेटीत त्याच्याच पेशींची डिश होती. मी वाट पाहू लागलो. मला वाटले आता त्यांनाही कळेल, आता ते थांबतील. ते थांबले नाहीत. हिरवे ठिपके आपल्या चालीने अंगठ्याकडे चालले होते, लाल ठिपके आपल्या चालीने. त्यांच्यापर्यंत ती बातमी पोचवणारे कोणी नव्हते. मी सर्व बाजूंनी बंद खोलीत एकटा एका मेलेल्या माणसाला चालताना पाहत होतो आणि मला पापणी नाही. दीड तासाने त्यांच्यावर गाठी आल्या. ते थांबले ते माझ्या उजेडाने थांबले.

आता चार डिश उरल्या होत्या. शेवटची गोठवलेली कुपी वितळवून त्या वाढवलेल्या होत्या, आणि नवी कातडी द्यायला थोरला उरला नव्हता; त्याच्या मुलीच्या कातडीपासून पेशी वाढवायला कित्येक महिने लागले असते. बाईंनी एक लहानसे प्रथिन तयार केले होते. ते चुकीच्या शेपटाला धरून घडी घालील, रिकाम्यांना थांबवील, अशी त्यांना आशा होती. ते थोरल्याच्या पेशींवर टाकायचे आणि आधी वीस, नंतर वीस अशी चाळीस मिनिटे चित्रे घ्यायची. ते साधले तर त्याच्या मुलीसाठी पुढची वाट होती. बाई म्हणाल्या, "घाई नको. पहिले तू जरा सावर. पुढच्या आठवड्यात करू."

तो आठवडा घातक ठरला. धाकटी रोज येई. कपाटातून एक डिश काढी, पेटीत ठेवी, शटर उघडत असे आणि नुसती बघत बसे. मोजायचे नाही, चित्र घ्यायचे नाही, काही लिहायचे नाही. तिच्या श्वासाने माझ्या काचा धुरकट होत, त्या ती बाहीने पुसे. कधी ती कुजबुजे, "चालतोयस ना?" तिच्याइतके माझ्या दिव्याला ओळखणारे तिथे कोणी नव्हते. नवशिक्यांना ती स्वतः सांगे की उजेड आखडत्या हाताने द्यायचा. तरी तिने पहिल्या दिवशी एक डिश संपवली. तिसऱ्या दिवशी दुसरी. पाचव्या दिवशी तिसरी. प्रत्येक वेळी गाठी येऊ लागल्या की ती घाईघाईने शटर मिटत असे, जणू वेळ अजून गेलेली नाही. मी ओरडलो असतो, पण माझ्यात काही नाही.

बाईंनी कपाट उघडले आणि एकच डिश पाहिली.

"तीन गेल्या कशा?"

"बुरशी लागली बहुतेक," धाकटी म्हणाली.

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. "उद्या सकाळी दहाला," त्या म्हणाल्या. "मी समोर बसेन."

त्याच दुपारी धाकटीची आई आली. तिने कापड गिरणीत तीस वर्षे सूत तपासले होते. दिव्याखाली ताणलेल्या सुतात गाठ कुठे आहे ते तिला बोटाआधी डोळ्याने कळे, असे धाकटी कौतुकाने सांगत असे. मुलगा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. ती माझ्यापुढच्या स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "त्याचं इथे अजून काहीतरी चालू आहे म्हणतेस. मला दाखव."

धाकटीने कपाटातून शेवटची डिश आणली. तिने ती पेटीत ठेवली. माझा जीव टांगणीला लागला. एका आईला नाही कसे म्हणायचे, आणि हो म्हटले तर उद्या काय उरायचे?

आईने डोळा लावला. "काळं दिसतंय सगळं."

"शटर उघडायचंय, आई."

"मग उघड ना."

धाकटीचे बोट शटरच्या बटणावर होते. ते तिथेच राहिले.

"काय झालं गं? बिघडलंय का?"

"नाही." ती हळूच म्हणाली, "आई, ह्या उजेडानं ते मरतात. बघितलं की मरतात. चार होत्या, तीन मी मारल्या. बुरशी लागली म्हणून सांगितलं सगळ्यांना, पण बघून बघून मारल्या मी. दादाला बघत होते."

आईने डोळा काढला नाही.

"आणि ही शेवटची?"

"शेवटची. उद्या हिच्यावर औषधाची परीक्षा आहे. दादाच्या छोटीसाठी."

"आज पाहिली तर उद्या टिकायची नाही?"

"सांगता येत नाही. टिकेलही. थोडाच वेळ पाहिलं तर—"

"नको," आई म्हणाली. "हात काढ त्या बटणावरून."

धाकटीने हात काढला. मला वाटले आता आई उठेल. ती उठली नाही. तिने स्टूल पुढे ओढले, दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर ठेवले आणि डोळा माझ्यावर आणखी घट्ट टेकवला. अंधारात. माझ्यातून तिच्याकडे काहीच जात नव्हते, तरी ती बघत होती. मित्रांनो, एकतीस वर्षांत माझ्यातून हजारो डोळ्यांनी पाहिले आहे, पण असे कोणी पाहिले नव्हते. मला भीती वाटली. तिच्या डोळ्यातले पाणी माझ्या काचेवर उतरले आणि त्याची ऊब मला लागली. माझ्या भिंगापासून दोन बोटांच्या अंतरावर डिश होती. तिथे काय चालले आहे ते मलाही दिसत नव्हते.

"चालू आहे ना?" तिने विचारले.

"हो, आई."

"कशावरून?"

"ऊब आहे, खाणं आहे. अंधारात ते कधी थांबत नाहीत."

ती आणखी थोडा वेळ तशीच बसली. मग तिने पदराने माझी काच पुसली. "उद्या तुझ्या बाईंना तीन डिशचं खरं सांग," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी दहाला धाकटीने खाली मान घालून बाईंना सारे सांगितले. बाई रागावल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. "तुझ्या भावाच्या पेशी होत्या, तुझ्या नव्हत्या," एवढेच त्या म्हणाल्या, आणि ते पुरेसे होते. मग त्या समोर बसल्या आणि काम सुरू झाले.

मोजता येईल असे चित्र यावे म्हणून माझा दिवा नेहमीपेक्षा बराच प्रखर केला होता आणि दर दहा सेकंदांनी शटर उघडे आणि मिटे. पहिली वीस मिनिटे लाल ठिपके रिकाम्या पाठीने चालतच होते, टोकाशी त्यांचा गोळा फुगत होता. विसाव्या मिनिटाला धाकटीने औषधाचे थेंब सोडले. दोन मिनिटे काही झाले नाही. मग एक लाल ठिपका मध्येच थबकला, रस्त्यावरून सुटला आणि मंद होऊन विखुरला. मग दुसरा. मग किती ते मोजता येईना. टोकाकडचा गोळा सैल पडू लागला, आणि त्या मोकळ्या झालेल्या वाटेने हिरवे ठिपके पुढे निघाले. बाईंनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. अडतिसाव्या मिनिटाला तंतूंवर पहिल्या गाठी दिसल्या. धाकटीने त्या पाहिल्या. तिचा हात हलला नाही. चाळीस पूर्ण झाली तेव्हा तिने शटर मिटले आणि दिवाही बंद केला. तंतूंच्या टोकाशी तेव्हाही एक हिरवा ठिपका पुढे सरकत होता. तो कुठवर गेला ते कोणी पाहिले नाही.

आई बाहेर बाकावर बसली होती. दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले.

"झालं?"

"झालं. रिकामे थांबले, आई. घडी घालून निजले सगळे."

"आणि ओझेवाले?"

"ते चालत होते. शेवटपर्यंत."

आईने पिशवी उचलली. "आता घरी चल," ती म्हणाली. "दोन दिवस तू पोटभर जेवलेली नाहीस."

मित्रांनो, हे औषध अजून कोणाला दिलेले नाही. त्याला वर्षे लागतील आणि कदाचित ते वायाही जाईल. बाई असेच म्हणतात आणि बाई खोटी आशा दाखवत नाहीत. पण गेल्या महिन्यापासून माझ्यापुढे एक नवी डिश येते. तिच्यावर थोरल्याच्या मुलीचा क्रमांक आहे. धाकटी शटर उघडते, एक चित्र घेते आणि मिटते. तिला आणखी बघायचे असते, ते मला तिच्या श्वासावरून कळते. ती बघत नाही.

म्हणून जाता जाता एवढेच मागतो. माझ्या जातीचे कोणी तुमच्या हाती आले तर त्याची काच स्वच्छ ठेवा आणि काम झाले की दिवा मालवा. आपल्याला पाहायची कितीही ओढ असली तरी समोरच्याला आपल्या उजेडाची झळ लागते, हे विसरू नका. काही जिवांना आपण अंधारात, ऊब देऊन, त्यांच्या वाटेने जाऊ द्यावे लागते. मी आता पुन्हा अंधारात आहे. पेटीत तिची डिश आहे. ती मुलगी स्वतः ह्या वेळी शाळेत आहे, आणि बहुधा धावत असेल.